दोन सेन्सर बसवले की काम झालं असं समजू नका: स्वयंचलित ई-गाडीत या चुका टाळा

कोणत्याही आधुनिक गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलमागचा कनेक्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत त्यात सहा वायरी सापडतील. पेडल किती दाबलंय एवढंच सांगायचं असेल तर तीन वायरी पुरतात: पुरवठा, ग्राउंड आणि सिग्नल. मग उरलेल्या तीन कशाला? आत दोन सेन्सर असतात. दोघांचा पुरवठा वेगळा आणि ग्राउंडही वेगळं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांचे सिग्नल सारखे नसतात. बऱ्याच पेडलांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट ठेवलेलं असतं. पहिला १.६ व्होल्ट दाखवत असेल, तर दुसऱ्याने ०.८ दाखवायला हवं. समजा दोन्ही सिग्नल वायरींचं इन्सुलेशन घासून गेलं आणि त्या एकमेकींना चिकटल्या. दोन्हींवर एकच व्होल्टेज येईल, दुपटीचं नातं मोडेल आणि कंट्रोलरला लगेच कळेल. सिग्नल सारखे ठेवले असते तर हा शॉर्ट दिसलाच नसता, उलट दोन्ही सेन्सरांचं छान एकमत आहे असं वाटलं असतं. शिवाय पाय पूर्ण काढला तरी सिग्नल शून्यावर येत नाही. त्यामुळे मोकळं पेडल आणि तुटलेली वायर यांतला फरकही ओळखता येतो.

एका साध्या पेडलमागे एवढा विचार असतो. पण गाडीने स्वतः चालायचं, स्टिअरिंग आणि ब्रेकही वायरींवरून हलवायचे असं ठरलं, की नेमका हाच विचार मागे पडताना मी बघतो. कॉलेजांचे संघ विनाचालक ई-गाड्या बनवतायत, छोट्या कंपन्या कारखान्याच्या आवारात फिरणाऱ्या गाड्या बनवतायत. त्यांच्या आराखड्यांत जागोजागी ‘बॅकअप’ लिहिलेलं असतं आणि महत्त्वाची प्रत्येक वस्तू दोनदा बसवलेली असते. पण पहिली वस्तू गेल्याचं गाडीला किती वेळात कळेल? दुसरी त्याच कारणाने जाणार नाही हे कशावरून? आणि कळल्यावर गाडी नेमकं काय करेल? या तीन प्रश्नांची उत्तरं अर्धवट येतात. भाग तर बिघडणारच. तो बिघडल्यावर उरलेल्या भागांच्या जोरावर काय करायचं हे आधी ठरवून, प्रत्यक्ष करून बघितलेलं असेल, तरच त्या गाडीवर भरवसा ठेवता येतो.

## एकाच कारणाने दोन्ही जातात, हे न तपासणं

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरूहून एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे चाळीस सेकंदांत ते हवेतच फुटलं. रॉकेटची स्थिती आणि दिशा मोजणाऱ्या दोन यंत्रणा त्यात होत्या, एक चालू आणि एक राखीव. हार्डवेअर सारखं, सॉफ्टवेअरही सारखं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही आणि चालू यंत्रणा बंद पडली. संगणकाने राखीव यंत्रणेकडे वळायचा प्रयत्न केला, तर तीही आधीच्या ७२ मिलिसेकंदांच्या चक्रात त्याच कारणाने बंद पडलेली होती.

हिशोब करून बघू या. एका सेन्सरची महिन्याभरात बिघडण्याची शक्यता हजारात एक धरा. दोन सेन्सर खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच महिन्यात जाण्याची शक्यता दहा लाखांत एक. आता असं समजा की शंभरपैकी पाच बिघाड दोघांना एकदमच घेऊन जातात. मग तीच शक्यता वीस हजारांत एक होते. म्हणजे धोका पन्नासपट वाढला, आणि तुमच्या आराखड्यात मात्र अजून दोनच चौकोन दिसतायत. अशा वेळी तिसरा सेन्सर विकत घेण्यापेक्षा त्या पाच टक्क्यांचा शोध घेणं जास्त फायद्याचं असतं.

तो शोध कागदावर होत नाही, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातात घेऊन करावा लागतो. दोन सेन्सरांना ५ व्होल्ट एकाच रेग्युलेटरमधून जातायत का? दोघांचं ग्राउंड चॅसिसच्या एकाच बोल्टला कसलंय का? दोन्हींच्या वायरी एकाच कनेक्टरमधून जातात का? एकाच जाळीतून, एकाच ब्रॅकेटवरून जातात का? आपल्याकडे या प्रश्नांना आणखी एक बाजू आहे. पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात तेव्हा मुख्य आणि राखीव असा भेद करत नाहीत, शेजारी असतील तर दोन्ही जातात. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी शिरलं तर खालच्या पट्टीतले सगळे कनेक्टर एकदम भिजतात. एक हार्नेस डावीकडून खालून आणि दुसरा उजवीकडून वरून नेला तर वायरीची लांबी थोडी वाढते, पण त्या खर्चात खरं स्वातंत्र्य मिळतं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच चूक जास्त लपलेली असते. दोन कंट्रोलर आहेत, पण दोघांवर तोच प्रोग्रॅम आणि तीच कॅलिब्रेशन फाइल. एकाने चुकीच्या आकड्याने भागलं की दुसराही भागतो. राखीव कंट्रोलरवर पूर्ण प्रणाली नकोच. त्याच्यावर साधा, छोटा, वेगळ्या माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम असू द्या, ज्याला एकच काम येतं: लेन धरून गाडी थांबवणं. कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) या जोडीलाही हेच लागू आहे. दाट धुक्यात दोघांची नजर एकदमच अधू होते, रडार मात्र बरंच चालत राहतं. म्हणून वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारे सेन्सर निवडतात, केवळ संख्या वाढवत नाहीत.

## मोठ्या बॅटरीकडे बघताना १२ व्होल्टला विसरणं

ई-गाडी म्हटलं की सगळ्यांचं लक्ष ४०० किंवा ८०० व्होल्टच्या बॅटरीकडे जातं. पण गाडीचा मेंदू चालतो १२ व्होल्टवर. कंट्रोलर, स्टिअरिंगची मोटर, ब्रेकचं पंप-युनिट, सेन्सर, इतकंच काय, मोठी बॅटरी जोडणारे मोठे स्विच, म्हणजे काँटॅक्टरसुद्धा, १२ व्होल्टच्या कॉइलवर धरून ठेवलेले असतात. ती लाइन पडली की भरलेली मोठी बॅटरी असून नसल्यासारखी.

२०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ह्युंदाई, जेनेसिस आणि किआच्या मिळून १ लाख ४७ हजारांहून जास्त ई-गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या, त्याचं कारण हेच होतं. इंटिग्रेटेड चार्जिंग कंट्रोल युनिट नावाचा भाग खराब झाला की १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होणं थांबायचं. गाडी काही काळ चालायची आणि मग चालता चालता चाकांची ताकद जायची. मोटर चांगली, मोठी बॅटरी चांगली, तरी गाडी रस्त्यात उभी. चालक असलेल्या गाडीत निदान माणूस इशारा बघून कडेला घेऊ शकतो. विनाचालक गाडीत तोच पुरवठा निर्णय घेणाऱ्या संगणकालाही जातो, हे लक्षात घ्या.

उपाय माहीत असलेला आहे, फक्त तो सुरुवातीलाच करावा लागतो. १२ व्होल्टची दोन स्वतंत्र जाळी करा, प्रत्येकाला स्वतःची छोटी बॅटरी द्या. स्टिअरिंगच्या दुहेरी यंत्रणेची एक बाजू पहिल्या जाळ्यावर आणि दुसरी दुसऱ्यावर, ब्रेकचंही तसंच. दोन जाळ्यांच्या मध्ये जलद तुटणारा इलेक्ट्रॉनिक स्विच हवा. नाहीतर एकीकडचा शॉर्ट दुसरीकडचं व्होल्टेजही खाली ओढतो आणि वेगळेपणाचा उपयोग राहत नाही. फ्यूजवर विसंबू नका. फ्यूज उडायला जो वेळ लागतो तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा कंट्रोलर रीसेट झालेला असतो. आणि चार्जिंग बंद पडल्याचं कळताच काय काय बंद करायचं, त्याचा क्रम आधी लिहून ठेवा. एसीचा ब्लोअर, स्क्रीन, सीटमधले पंखे आधी. ब्रेक, स्टिअरिंग, काँटॅक्टर सगळ्यात शेवटपर्यंत जिवंत.

## ‘बिघाड झाला की सगळं बंद’ हे उत्तर समजणं

माझ्या मते ही सगळ्यात खोल चूक आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

बहुतेक यंत्रांत बंद करणं हीच सुरक्षित अवस्था असते. लेथ बंद केली, गिरणी बंद केली, काम झालं. धावत्या गाडीत ‘बंद’ या अवस्थेतही बरंच काही घडतं, आणि ई-गाडीत तर मोटरच त्याला कारण होते. आजच्या बहुतेक ई-गाड्यांत कायम चुंबकाची सिंक्रोनस मोटर असते. चाकं फिरतायत तोवर ती व्होल्टेज निर्माण करतच राहते, आणि वेग वाढेल तसं ते वाढतं. जास्त वेगाला हे व्होल्टेज बॅटरीच्याही वर जाऊ शकतं. इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा भाग, चालू असताना ते दाबून ठेवतो. बिघाड दिसला म्हणून तुम्ही इन्व्हर्टरचे सहाही स्विच बंद केलेत, तर स्विचशेजारच्या डायोडमधून करंट बॅटरीकडे धावतो आणि मोटर अचानक ब्रेक लावते. कुणी आज्ञा न देता. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरायला एवढं पुरतं. आणि त्याच वेळी सॉफ्टवेअरने मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टरही उघडले, तर करंटला जायला जागाच उरत नाही. कपॅसिटरवरचं व्होल्टेज क्षणात चढतं आणि इन्व्हर्टर जळतो. म्हणजे किरकोळ बिघाडावर ‘सगळं बंद’ हे उत्तर देऊन आपणच मोठा बिघाड घडवला.

म्हणून जास्त वेगाला उलटं करतात. खालचे तिन्ही स्विच चालू करून मोटरच्या तिन्ही फेजा (वीज नेणाऱ्या वायरी) एकमेकींना शॉर्ट करतात. त्या वेगाला वाइंडिंगची इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) करंटला मर्यादेत ठेवते, ब्रेकचा टॉर्क (फिरवणारा किंवा रोखणारा जोर) थोडाच राहतो आणि बॅटरीकडे काहीच जात नाही. पण हेच शॉर्ट करणं कमी वेगाला केलं तर झटका बसतो, कारण तिथे त्याचा ब्रेकिंग टॉर्क सर्वात जास्त असतो. कमी वेगाला मोटरचं व्होल्टेज बॅटरीच्या खाली असतं, तेव्हा सहाही स्विच मोकळे सोडणं योग्य. थोडक्यात, एकाच भागाची सुरक्षित अवस्था वेगानुसार बदलते, आणि ती कोणत्या वेगाला बदलायची, हे तुमच्या मोटरच्या आकड्यांवरून काढावं लागतं. दुसऱ्याच्या गाडीवरून उचलता येत नाही. आणखी एक बारीक मुद्दा: शॉर्ट करायला स्विचच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, वीज लागते. ती फक्त १२ व्होल्टवरून येत असेल, तर १२ व्होल्ट गेल्यावर तुमची सुरक्षित अवस्थाही गेली. गेटचा पुरवठा मोठ्या व्होल्टेजच्या बाजूनेही काढण्याची सोय काही इन्व्हर्टरांत असते, ती यासाठीच.

डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या मोटरी असतील तर आणखी एक सापळा आहे. एक मोटर गेली म्हणजे अर्धी ताकद उरली, असं वाटतं. प्रत्यक्षात उरलेली मोटर गाडीला एका बाजूला वळवायला लागते. ती काही मिलिसेकंदांत कमी केली नाही, तर गाडी लेन सोडते. हाच गुण उलट वापरता येतो. स्टिअरिंगच गेलं, तर दोन बाजूंच्या टॉर्कमधल्या फरकाने गाडी लेनमध्ये धरून थांबवता येते. पण त्यासाठी तो मार्ग आधीच प्रोग्रॅममध्ये असायला हवा.

आता मोटरवरून पूर्ण गाडीकडे या. ‘कडेला घेऊन थांबणं’ हे सुद्धा प्रत्येक वेळी सुरक्षित नसतं. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका महिलेला दुसऱ्या गाडीने उडवलं आणि ती क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीपुढे पडली. क्रूझच्या गाडीने ब्रेक लावले, तरी धडक बसली आणि गाडी थांबली. इथपर्यंत गाडीने जे करायचं ते केलं होतं. पण गाडीच्या प्रणालीने ही धडक बाजूने बसल्याचा निष्कर्ष काढला आणि गाडी ठरल्याप्रमाणे कडेला घ्यायला निघाली. महिला गाडीखाली होती. सुमारे २० फूट ती फरफटली गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कंपनीचा परवाना स्थगित केला आणि कंपनीला ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. गाडीला आजूबाजूची परिस्थिती नीट कळलेली नसेल, तर हालचाल करणाऱ्या कोणत्याही ‘सुरक्षित’ कृतीआधी तिने जागेवर थांबून राहायला शिकलं पाहिजे. आणि द्रुतगती मार्गाच्या मधल्या लेनमध्ये हेच जागेवर थांबणं जीवघेणं ठरू शकतं. दोन्ही खरं आहे. म्हणून एकच उत्तर नको. वेग, रस्ता, काय बिघडलंय आणि काय दिसतंय यांच्या जोड्या लावून तक्ता करा आणि प्रत्येक घरात कृती लिहा. हा तक्ता करायला आठवडे लागतात, आणि ते द्यायलाच हवेत.

## माणूस आहे ना, असं गृहीत धरणं

१८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातल्या टेम्पीमध्ये उबरच्या चाचणी-गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली, त्यात तिचा मृत्यू झाला. तपासात दिसलं की सेन्सरांना ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ती नक्की काय आहे याबद्दल प्रणालीचं मत सारखं बदलत राहिलं. खोट्या इशाऱ्यांवर गाडी जोरात ब्रेक मारू नये, म्हणून आपत्कालीन कृती एक सेकंद रोखून धरण्याची तरतूद त्यात होती. गाडीच्या मूळ कंपनीची आपत्कालीन ब्रेकव्यवस्था चाचणीच्या वेळी बंद असायची. शेवटचा आधार म्हणून माणूस बसवलेला होता, आणि त्याचं लक्ष फोनकडे होतं.

इथे एकेका निर्णयामागे कारण होतं, पण सगळ्या निर्णयांचा भार अखेर एका माणसाच्या सावधपणावर येऊन पडला. तासन् तास काही न करता बसलेला माणूस क्षणात जागा होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमावलीत, म्हणजे लेन धरून आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या नियमांत, चालकाला ताबा घ्यायला सांगितल्यावर सहसा किमान १० सेकंद द्यावे लागतात. तोवर गाडीने स्वतःच चालत राहायचं, आणि तरी तो आला नाही तर स्वतःच थांबायचं. ताशी ६० किलोमीटरला १० सेकंदांत गाडी १६७ मीटर जाते. म्हणजे स्टिअरिंगची एक बाजू गेल्यानंतरही गाडीने जवळपास पावणेदोनशे मीटर लेन धरली पाहिजे. तुमच्या आराखड्यात ‘बिघाड झाल्यास चालक ताबा घेईल’ असं वाक्य असेल, तर त्याच्यापुढे हे अंतर लिहा आणि ते कोण पार करणार, हे ठरवा.

बिघाड ओळखण्याच्या वेळेचा हिशोबही मीटरमध्येच करा. ताशी १०० किलोमीटरला गाडी १०० मिलिसेकंदांत जवळपास २.८ मीटर जाते. स्टिअरिंगचा कंट्रोलर गोठल्याचं अर्ध्या सेकंदाने कळलं, तर तेवढ्यात १४ मीटर गेलेले असतात.

## जुना आकडा नवा समजणं

मेलेला सेन्सर लगेच ओळखू येतो. गोठलेला सेन्सर फसवतो, कारण तो शेवटचा चांगला आकडाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा कोन शून्यावर गोठला, तर वळण येईपर्यंत कुणालाच कळत नाही. कॅन बसवरच्या, म्हणजे कंट्रोलरांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवरच्या, प्रत्येक महत्त्वाच्या संदेशात चढता क्रमांक आणि तपासणी-बेरीज (संदेश वाटेत बिघडला का हे ओळखणारा आकडा) ठेवा. क्रमांक पुढे सरकला नाही, तर आकडा कितीही बरोबर दिसला तरी नाकारा. मात्र हा क्रमांक सेन्सरच्या मोजणीला बांधलेला असू द्या. संदेश पाठवणारा प्रोग्रॅम जिवंत आणि मोजणारा गोठलेला, असं झालं तर क्रमांक आरामात पुढे जात राहतो.

दोन सेन्सर असहमत झाले तर कोणाचं ऐकायचं, हेही आधी ठरवा. दोघांतून फक्त भांडण कळतं, खरं कोण ते कळत नाही. तिसरा सेन्सर नसेल, तर गाडीचं गणित तिसरा साक्षीदार होऊ शकतं. चाकांचा वेग आणि जायरो (गाडी वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) यांवरून स्टिअरिंगचा अंदाजे कोन काढता येतो, मोटरच्या तीन फेजांतल्या करंटची बेरीज शून्य यायला हवी. करंटचा तिसरा सेन्सर वाचवून तो आकडा गणिताने काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ही बेरीज तपासण्याची सोय त्यांनी घालवली आहे. आणि बसवलेले सेन्सर खरोखर वाचा. बोइंग ७३७ मॅक्स विमानांवर हवेचा कोन मोजणारे दोन सेन्सर होते, पण नाक खाली दाबणारी प्रणाली एका वेळी एकाचंच ऐकायची. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ जण गेले.

## कमी झालेली ताकद मेंदूला न सांगणं

प्रत्येक बिघाड तुटण्यासारखा नसतो. कडक उन्हात इन्व्हर्टर तापला की तो स्वतःला वाचवायला टॉर्क कमी करतो, आणि ते बरोबरच आहे. पण मार्ग ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कुणी सांगितलं नसेल, तर ते खंबाटकी घाटात ट्रकला ओलांडायचा निर्णय पूर्ण ताकद गृहीत धरून घेतं आणि गाडी मध्येच अडकते.

उतारावर याची दुसरी बाजू दिसते. पाचगणीत शंभर टक्के चार्ज केलेली गाडी पसरणी घाटाने वाईकडे निघाली असं समजा. साडेपाचशे-सहाशे मीटरचा उतार. १८०० किलोच्या गाडीची त्यातली स्थितिज ऊर्जा जवळपास ३ किलोवॅट-तास भरते. भरलेल्या बॅटरीत ती जागा नसते, म्हणून रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरने ब्रेक लावून बॅटरी भरणं) बंद किंवा अगदी थोडं राहतं आणि सगळा भार घर्षणाच्या ब्रेकवर येतो. मोटर ब्रेक लावेल असं धरून वळणाआधीचा वेग ठरवणारी गाडी इथे प्रत्येक वळणावर ब्रेक तापवत उतरेल. गाडीच्या खालच्या थराने वरच्या थराला सतत एक साधी यादी पाठवत राहावं: आत्ता किती टॉर्क मिळेल, किती ब्रेक मिळेल, स्टिअरिंग किती वेगाने फिरेल. वरच्या थराने वचन द्यायचं ते या यादीपुरतंच. ही यादी मला स्वयंचलित गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो.

## राखीव भाग कधीच न चालवणं

वर्षभर न वापरलेली राखीव व्यवस्था आज चालेल, हा नुसता अंदाज असतो. मोटारींच्या सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ या मानकात अशा लपून राहिलेल्या बिघाडांसाठी वेगळं मोजमाप आहे. सर्वात कडक पातळीला त्यातले किमान ९० टक्के पकडले जावेत, अशी अपेक्षा असते. कॉलेज संघांच्या विनाचालक ‘फॉर्म्युला स्टुडंट’ रेसिंग स्पर्धांत आपत्कालीन ब्रेकची साठवलेली ऊर्जा यांत्रिक असावी लागते आणि गाडीची वीज गेली की ब्रेक आपोआप लागावा लागतो. गाडी निघण्याआधी हा ब्रेक खरंच दाब तयार करतो का, हे दर वेळी तपासलं जातं. तेच तुमच्या गाडीतही करा. प्रत्येक सुरुवातीला एकदा मुख्य आणि एकदा राखीव मार्गाने ब्रेकचा दाब घ्या, काँटॅक्टर उघडल्यावर पलीकडचं व्होल्टेज खरंच उतरतंय का ते बघा. उतरत नसेल तर काँटॅक्टर चिकटला आहे.

## बिघाड आला, आता कुठून शोधायचं

गाडी मध्येच थांबते आणि बंद-चालू केली की ठीक चालते, ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बंद-चालू करणं हाच तिचा सगळ्यात वाईट उपाय आहे. आधी १२ व्होल्टच्या लाइनवर ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची क्षणाक्षणाची रेघ दाखवणारं यंत्र, लावा आणि गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग जोरात फिरवा. कंट्रोलरपाशी व्होल्टेज क्षणभर ९ च्या खाली जात असेल, तर दोष बहुधा ग्राउंडच्या बोल्टात, सैल लगमध्ये किंवा थकलेल्या छोट्या बॅटरीत आहे. मल्टिमीटरवर हे दिसणार नाही, तो सरासरी दाखवतो.

दोन सेन्सर एकाच क्षणी वेडे झाले, तर सेन्सर बदलू नका. दोघांमधली सामाईक गोष्ट शोधा: ५ व्होल्टचा रेग्युलेटर, सामाईक ग्राउंड, एकच कनेक्टर.

टेबलावर सगळं ठीक आणि जोरात टॉर्क दिला की संदेश गळतात, तर इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा गोंगाट कॅनमध्ये शिरतोय. पुरवठा पूर्ण बंद करून कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (टोकाला बसवलेला १२० ओहमचा रोधक) नाही किंवा वायर मध्ये तुटली आहे, ४० आला तर कुणीतरी तिसरा टर्मिनेटर लावून ठेवलाय. मग वायरी नीट पिळलेल्या आहेत का, मोटरच्या जाड केबलशेजारून लांबवर धावतायत का, आणि शील्ड कुठे जोडली आहे, ते बघा.

खोटे इशारे फार येतात म्हणून मर्यादा सैल करण्याचा मोह होतो. तसं करण्याआधी प्रत्येक खोट्या इशाऱ्याची नोंद वाचा. त्यातले काही खोटे नसतात. ते सैल कनेक्टरने पाठवलेले खरे इशारे असतात, आणि मर्यादा वाढवली की ते बंद होतात, कनेक्टर मात्र सैलच राहतो. क्षणिक दोष दुर्लक्षायचेच असतील तर त्यांची मोजणी करत राहा. एकच दोष एका फेरीत अनेकदा दिसला, तर गाडीने वेग कमी करावा.

नोंदींचीही मर्यादा ओळखा. २०२१ मध्ये टेस्लाला मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण ८ जीबीची फ्लॅश मेमरी सततच्या लिहिण्याने झिजत होती आणि ती गेली की मागच्या कॅमेऱ्याचं चित्रही जायचं. सगळं सतत लिहू नका. मेमरीत शेवटच्या ३० सेकंदांची फिरती नोंद ठेवा आणि बिघाड झाला की तेवढीच, पुढच्या काही सेकंदांसह, कायमची लिहा. सगळ्या कंट्रोलरांची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर आधी काय गेलं आणि त्यामुळे नंतर काय गेलं, हे कधीच कळणार नाही.

दुरुस्ती झाली की तोच बिघाड मुद्दाम पुन्हा घडवा. बंद मैदानात, ताशी १० किलोमीटरला, आपत्कालीन स्विच हातात धरलेला माणूस बाहेर उभा करून तो कनेक्टर रिलेने तोडा. गाडीला किती मिलिसेकंदांत कळलं, ती किती सरकली, लेन सोडली का, हे लिहा. मग २०, मग ४०. वळणावर वेगळं, उतारावर वेगळं, भरलेल्या बॅटरीवर वेगळं. दर वेळी आकडा तुमच्या तक्त्यातल्या घराशी ताडून बघा, आणि जुळला नाही तर पुढच्या वेगाला जाऊ नका.